आठवा किल्ला मी जिंकला होता

बाबा,

परवाच्या रविवारी दादाकडे जेवायला गेले होते आणि परतीच्या बसमध्ये आदिलाबादपासून तामसीपर्यंत मी तुमच्याशी भांडत आले. मनातल्या मनातच, पण ओठ हलत असणार, कारण शेजारच्या बाईनं दोनदा विचारलं, "मॅडम, बरं वाटून नाई राह्यलं का?" तुम्हाला जाऊन पंचवीस वर्षं होऊन गेली. इतक्या वर्षांनी गेलेल्या माणसावर चिडू नये म्हणतात. म्हणोत बापडे. मी चिडले आहे, चांगली तणतणते आहे, आणि तुम्ही मधे "चूप बस" म्हणायला नाही आहात तोवर सगळं लिहून काढणार आहे. शाळेत पोरांना शुद्ध मराठी शिकवते, त्यामुळे लिहिताना तीच हातात येते. पण राग आला की आपल्या गावची, जैनथची बोली आपोआप बाहेर पडते, तेवढं चालवून घ्या.

तो व्हिडिओ गेम आठवतो का तुम्हाला? तुम्ही नागपूरला लग्नाला गेला होता आणि येताना खोक्यात घालून आणला होता. दादा वर्गात पहिला आला म्हणून. त्याच वर्षी मीही माझ्या वर्गात पहिली आले होते, मला कंपास मिळाली. असो, त्यावर आज बोलत नाही. काळा डबा, दोन रिमोट, त्यातला एक पहिल्याच आठवड्यात मेला, आणि एक पिवळी कॅसेट. कॅसेटवर शंभर खेळ लिहिले होते, निघाले पाच. त्या पाचातला एक खरा. एक बुटका माणूस हातात कंदील घेऊन पळत सुटायचा, विहिरी ओलांडायचा, साळिंदरांच्या डोक्यावर उड्या मारायचा, वटवाघळं चुकवायचा, आणि एकामागून एक आठ किल्ले घ्यायचा. त्याचं खरं नाव पडद्यावर इंग्रजीत यायचं, ते आम्हाला वाचता यायचं नाही, म्हणून आम्ही त्याला कंदीलवाला म्हणायचो. त्याला तीन जान असायच्या. तिन्ही गेल्या की पुन्हा पहिल्या किल्ल्यापासून सुरुवात.

दादाला दुसऱ्या किल्ल्यात वीट आला. "बोअर हाय" म्हणून तो बॅट घेऊन गेला तो गेलाच. खेळले ते मी. शाळेतून आले की दप्तर टाकून, आईची भांडी घासून झाली की, सुट्टीच्या दिवशी तुमच्या जेवणानंतर. आपला टीव्ही तर काळा-पांढरा. त्या खेळात फळं असायची, एक खाल्लं तर जान वाढते, दुसरं खाल्लं तर माणूस मरतो. ज्यांच्याकडे रंगीत टीव्ही त्यांना लाल आणि निळं दिसत असणार, मला दोन्ही राखी. कुठलं फळ कुठं येतं ते मी जागा बघून पाठ केलं. तिसऱ्या विहिरीनंतरचं खायचं, पुलाजवळचं सोडायचं, दोन साळिंदरांच्या मधलं मेलं तरी खायचं नाही. आठही किल्ल्यांचं असं पाठ होतं मला. पाढे येत नसतील तितकं हे येत होतं. आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत एका दुपारी मी आठवा किल्ला घेतला. तुम्ही मागे खाटेवर बसला होता, आई दारात ज्वारी निवडत होती. कंदीलवाल्यानं किल्ल्यावर कंदील टांगला, सगळा पडदा पांढरा झाला आणि मी अशी किंचाळले की आईच्या हातातलं सूप पडलं. तुम्ही म्हणालात, "शाबास!" मोठ्यानं म्हणालात. तुमच्या तोंडून शाबास ऐकायची सवय नव्हती आपल्या घरात, त्यामुळे मला ते नीट लक्षात आहे. दादा तेव्हा नदीकडे पोहायला गेला होता. हे सगळं तुमच्या डोळ्यांदेखत झालं, बाबा. ऐकीव नाही.

सोमवारी तुम्ही कारकुनीवर, मंडल ऑफिसात गेलात आणि सगळ्यांना सांगितलंत. घरी आपली मराठी, ऑफिसात तुमची ती जुन्या अमदानीतली उर्दू-हिंदी. तुमची शाळा निजामाच्या काळातली, उर्दूतली, आणि साहेब तेलुगू, त्यामुळे दोघांचं हिंदीत चालायचं. तुम्ही म्हणालात, "साब, मेरे बच्चे ने पूरा खेल खतम करा." मला हे शब्द माहीत आहेत, कारण तुमचा शिपाई संध्याकाळी मिसलींचा, म्हणजे फायलींचा, गठ्ठा घरी टाकायला आला तेव्हा त्यानं जसेच्या तसे म्हणून दाखवले. मी किती फुशारले होते! दोन दिवस मी घरात जमिनीला पाय लावला नाही.

मग रविवारी साहेब आले. तपासणीला पलीकडच्या गावात आले होते, परतताना चहाला थांबले. आईनं पोहे केले. मी बशा घेऊन बाहेर आले तर साहेब खुर्चीत बसून विचारत होते, "कहाँ है वो आपका होशियार बच्चा?" मी बशी ठेवायलाही विसरले, तिथंच उभी राहिले. आता बाबा माझ्याकडे बोट दाखवणार. आणि साहेबांनी काय केलं? दादा नुकताच अंघोळ करून केस विंचरून आला होता, त्याला हातानं जवळ ओढलं, पाठीवर थाप मारली. "बहुत तेज दिमाग है इसका. आदिलाबाद में कम्प्यूटर की क्लास खुली है. मेरे पहचान का है. इसको डालो उधर." दादा जमिनीकडे बघून हसला. त्याला कळलंच नव्हतं कशाबद्दल चाललंय. तुम्हाला कळलं होतं. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. मी तुमच्याकडे पाहिलं. आणि तुम्ही म्हणालात, "जी साब."

बस. दोन शब्द.

काऊन बोलले नाई, बाबा? तोंडात पोहे होते का तुमच्या? "साब, लडकी ने खेला" एवढंच म्हणायचं होतं. साहेब काय फाशी देणार होते? उलट हसले असते, माझ्याही पाठीवर थाप पडली असती आणि क्लासचं नाव निघालं ते माझ्यासाठी निघालं असतं. मी आत जाऊन चुलीपुढे बसले. आई म्हणाली, "साहेब जाऊ दे, मंग रड." रडणंसुद्धा साहेबांच्या सवडीनं, असा पाहुणचार आपल्या घरात! साहेबांची जीप गल्लीतून वळल्याबरोबर मी बाहेर आले आणि तुम्हाला विचारलं. तुमचं उत्तर मला आजही तोंडपाठ आहे.

"म्या कुठं पोरगा म्हणलो? म्या बच्चा म्हणलो. बच्चा म्हंजे लेकरू. लेकरात पोरगी येते का नाई?"

"मंग साहेबाले काऊन नाई सांगतलं?"

"साहेबाच्या तोंडची गोष्ट कारकुनानं दुरुस्त करायची नसते. तुले नाई समजणार."

नाही समजलं. आजही नाही. आपल्या घरात लेकरू म्हणजे मी आणि दादा दोघंही, हे खरं. पण तुमच्या उर्दूत बच्चा म्हटलं की ऐकणारा पोरगाच समजतो, आणि मुलीसाठी बच्ची असा शब्द आहे, तो तुम्हाला येत नव्हता का? ज्या माणसाकडे साऱ्या तालुक्यातले लोक अर्ज लिहून घ्यायला यायचे, त्याला एक वेलांटी जड झाली? मी तुमच्या शब्दाच्या फटीत पडले आणि तुम्ही वरून बघत उभे राहिलात. आणि वर मलाच व्याकरण शिकवलंत!

त्याहून मोठा राग कशाचा आहे सांगू? तुम्ही स्वतः आम्हाला ती गोष्ट सांगायचा. तुमच्या शाळेत हिशेबाचं एक कठीण उदाहरण होतं, ते तुम्ही सोडवलंत, पाटीवर उत्तर होतं, आणि मास्तरांनी पाटी हातातून घेऊन देशमुखाच्या पोराला उभं केलं, "देखो, इसने बनाया." कारण तुमचा बाप देशमुखाच्या वावरात राबत होता आणि तुम्ही वर्गात सगळ्यांच्या मागे, दाराजवळ बसत होता. ही गोष्ट जेवताना निघाली की चाळीस वर्षांनीसुद्धा तुमचा आवाज चढायचा, घास हातात राहायचा. "माह्या पाटीवरचं उत्तर होतं ते!" म्हणायचा तुम्ही. मी दरवेळी तुमच्याबरोबर चिडायचे. मला वाटायचं, जगात एक माणूस तरी असा आहे की जो असं कोणाचं होऊ देणार नाही. तोच माणूस माझ्याकडे बघून साहेबांना "जी साब" म्हणाला. हे मी कुठं नेऊन ठेवू?

आणि मग दादा क्लासला गेला. दर रविवारी सकाळच्या बसनं, नवी वही घेऊन. मी आईबरोबर अंगण सारवत असायचे आणि बस वळणावर दिसेनाशी होईपर्यंत बघायचे. त्याला तिथं काही गोडी लागली नाही, त्याची चूक नाही, त्याला कधी हवंच नव्हतं. वही आणून फेकायचा. मी ती वही वाचायचे, दोनदा, तीनदा, आणि त्याचा गृहपाठ मी करायचे. न बघितलेल्या मशीनची उत्तरं, त्याच्या अक्षरासारखं अक्षर काढून. त्यावरसुद्धा मास्तरनं "व्हेरी गुड" लिहिलं होतं, दादाच्या नावापुढे! दोन महिन्यांत तो म्हणाला, "डोकं दुखते, मी नाई जात." तेव्हा मी तुम्हाला म्हणाले, नाव तर लागलेलंच आहे, उरलेले दिवस मी जाते. तुम्ही पानाला चुना लावत होता. मान वर न करता म्हणालात, "पोरीच्या जातीनं एकटीनं बसनं जायचं का आदिलाबादले?" झालं. संपला विषय. आता मी रोज बसनंच जाते शाळेत, आणि सगळी बस पोरींनी भरलेली असते. शाळेची सगळी ऑनलाइन माहिती मीच भरते, हेडमास्तरांना तर माऊस धरायची भीती वाटते. पण मी कॉम्प्युटरला पहिल्यांदा हात लावला तेव्हा माझं वय झालं होतं तीस. कितीतरी वर्षं, बाबा. ती माझी होती.

हे सगळं खरं तर निवलं होतं. परवा दादानं पेटवलं. त्याच्या पोरीनं, माझ्या भाचीनं, कुठूनतरी एक छोटं यंत्र आणलंय, टीव्हीला लावलं की जुने सगळे खेळ दिसतात. जेवणं झाली, ती एकेक उघडून दाखवत होती, आणि अचानक पडद्यावर कंदीलवाला! मी ताडकन उठले. त्याचा सदरा पिवळा आहे, बाबा. पिवळाधमक! मी इतकी वर्षं त्याला पांढऱ्या सदऱ्याचा समजत होते. मी त्याच्याकडे बघत होते तेवढ्यात दादा पान चघळत पोरीला म्हणतो, "हा खेल त म्या लहानपणी पुरा खतम केला होता. साहेब घरी आला होता शाबासकी द्यायले. इचार तुह्या आत्याले."

खोटं बोलत नव्हता तो. तेच वाईट आहे. त्याला खरंच तसं वाटतं. साहेबांचा हात पाठीवर पडला तो त्याला आठवतो, आणि त्या हातामागं काहीतरी केलेलं असणारच, म्हणून त्यानं ते केलेलं आहे. तुम्ही त्या दिवशी दोन शब्द बोललात आणि माझ्या भावाच्या डोक्यात एक आठवण घालून दिलीत, माझी. पोरीनं रिमोट त्याच्या हातात दिला. पहिल्याच विहिरीत पडला. पुन्हा पडला. तिसऱ्यांदा पडला. "बटण खराब हाय," म्हणाला. मी त्याच्या हातातून रिमोट घेतला. घेतला म्हणजे ओढला.

काय सांगू! माझ्या अंगठ्यांना सगळं येत होतं. कुठं थांबायचं, कुठं दोनदा उडी मारायची, कुठलं फळ सोडायचं. लाल-निळं बघायची गरजच पडली नाही, उलट रंगांनी घोळ होत होता, म्हणून मी डोळे बारीक करून खेळले. पोरगी माझ्याशेजारी येऊन बसली. "आत्या, तू त लय भारी हायेस!" एक किल्ला, दोन किल्ले, पाच, सात. वहिनीनं चहा आणून ठेवला, थंड झाला. आणि आठव्या किल्ल्यात मी अडकले. तिथं भुलभुलैया आहे. सात खोल्या, प्रत्येक खोलीत तीन दरवाजे, वर, मधे आणि खाली. एक जरी चुकला तरी पुन्हा पहिल्या खोलीत. माझे अंगठे तिथं मुके झाले. चार वेळा परत फेकली गेले. पोरगी म्हणाली, "नेटवर पाहू का?" मी म्हटलं, "खबरदार!" आणि कागद-पेन्सिल आण म्हणून सांगितलं. कागद आला, मी रेघा मारू लागले, आणि पोरगी म्हणाली, "आत्या, उलटं काऊन लिहून राह्यली?"

मी बघितलं. मी कागदाच्या उजव्या टोकापासून सुरुवात केली होती.

आता हे लिहायलाच हवं. त्या उन्हाळ्यात आठव्या किल्ल्यात मी आठवडाभर अडकले होते. रोज तिथवर जायचे आणि रोज रडायचे. तुम्ही खाटेवर पेपर वाचत असायचा. एक दिवस म्हणालात, "दरवाजे कुठं पळून चालले का? लिहून ठेव, मंग जाय." मी लिहिलं नाही, मला कुठला धीर. तुम्ही लिहिलंत. ऑफिसातल्या रद्दी झालेल्या जमीन-पहाणीच्या कागदाच्या पाठीवर, मी खेळायची तेव्हा मागे बसून, कुठल्या खोलीत कुठला दरवाजा चुकला त्याची नोंद, चार-पाच दुपारी. मग एक दिवस साफ करून मला दिलीत, वरच्या दरवाज्याला वर जाणारी रेघ, मधल्याला आडवी, खालच्याला खाली जाणारी. सात रेघा. मी त्याप्रमाणे गेले आणि पहिल्याच खोलीतून परत. पुन्हा परत. त्या वैतागात वटवाघळांनी तिन्ही जान घेतल्या, दोन तासांचा खेळ पाण्यात. मी तुमच्या अंगावर कागद फेकला, "खोटा हाय तुमचा कागद!" तुमचा चेहरा असा झाला की मी घाबरले. "माह्या नोंदीत चूक? इतक्या सालात कोन्या साहेबानं नाई काढली." तुम्ही कागद उचललात आणि बोट ठेवून वाचू लागलात, "पहिली वर, दुसरी मधी..." आणि तुमचं बोट उजवीकडून डावीकडे सरकत होतं.

"तिकडून काऊन?" मी विचारलं.

"मंग कुठून? लिहिणं इकडूनच चालू होते."

"बाबा, हे काई उर्दू हाय का!"

तुम्ही कागदाकडे पाहिलंत, माझ्याकडे पाहिलंत, आणि हसायला लागलात. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मीही. आई विचारत होती काय झालं, आणि दोघांनाही सांगता येत नव्हतं. दुसऱ्या दिवशी दुपारी मी तोच कागद मांडीवर ठेवून, तुमच्या बाजूनं वाचत, आठवा किल्ला घेतला.

परवाही तसाच घेतला. नोंद करत, एकेक दरवाजा, उजवीकडून. पडदा उजळला, पोरगी ओरडली. मी दादाकडे वळून सगळ्यांसमोर म्हणाले, "दादा, हा खेळ मी संपवला होता. तू नाही." इतक्या वर्षांचं वाक्य, बाबा. दादानं पानाची पिंक टाकायला उठता उठता म्हटलं, "हो का? असंल." असंल! एवढ्यानं त्याचं झालं. म्हणून मी बसमध्ये तुमच्याशी भांडत आले, कारण त्याच्याशी भांडायला काही उरलंच नव्हतं. आणि कागदाची गोष्ट लिहिली म्हणून तुमचं "जी साब" माफ झालं असं समजू नका. नाही झालं. तो क्लास माझा होता.

पण निघताना भाची मला सोडायला बसस्टँडपर्यंत आली होती. वाटेत तो कागद हातात घेऊन, रेघांकडे बघत तिनं विचारलं, "आत्या, हे असं लिहायचं तुले कोनं शिकवलं?" मी म्हटलं, "कोणीच नाही. मी एकटीनंच काढलं." बस लागली होती, मी चढले.

हे पत्र तुमच्यापर्यंत जाणार नाही, ते ठीक आहे. ते खरं तर त्या पोरीला वाचायला द्यायला हवं. आज गुरुवार, अजून दिलेलं नाही.